तिसरी कैची

वैशाखातल्या वावधानानं त्या वर्षी धाड गावातल्या खालच्या आळीत चार घरांची टिनं उडवली, एका गोठ्याची भिंत झोपवली आणि जनकाबाईच्या घरावर शेजारच्या कडुनिंबाची मांडीएवढी फांदी आणून टाकली. टिन फाटलं नाही. पण फांदी पडली त्या क्षणी माळ्यावरून ‘कट्ट’ असा आवाज आला, आणि तो घरातल्या सगळ्यांनी ऐकला. तेव्हापासून सगळ्यांची अंथरुणं ओसरीवर आली. घरात जायचं ते चहाचं आधण ठेवायला आणि भाकरी थापायला, तेही वर बघत बघत.

जनकाबाईचा मुलगा संघपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक. इंजिनात खुट्ट झालं तरी कान टवकारणारा माणूस. त्याला डोक्यावरचं ‘कट्ट’ कसं सोसावं. त्यानं स्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्या शिवमला बोलावलं. शिवमनं शिडीवरून डोकं आत घातलं, बॅटरी फिरवली, लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्रानं लांबी-रुंदी मोजली आणि उतरून हात झटकले.

“लाकडाचं काही सांगता येत नाही भाऊ,” तो म्हणाला. “वरून चांगलं दिसते, आतून भुसा. समदं उतरवा. छप्पर पेलाले लोखंडी अँगलच्या कैच्या करून देतो, मिरगाच्या आंधी.”

मिरगाला अठरा दिवस होते. संघपालनं मान हलवली. ओसरीत तुरीची डाळ निवडत बसलेल्या जनकाबाईनं मात्र सूप खाली ठेवलं.

“कडूबा मिस्त्रीले आणा,” ती म्हणाली. “ते म्हणले उतरवा, तं उतरवा. त्याच्या आंधी एका खिळ्यालेही कोणी हात लावाचा नाही.”

ते छप्पर तिच्या नवऱ्याच्या हातचं होतं. भाऊरावला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचे कपडे वाटले गेले, सायकल भंगारात गेली, बिड्यांचा डबा कुठे गेला ते कळलंही नाही. राहिलं होतं ते एवढंच, आणि तेही डोक्यावर.

कडूबा मिस्त्री म्हणजे गावचा जुना सुतार. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. ट्रॅक्टर आले तशी बैलांची जुवं गेली, प्लायवूडची दारं आली तशी चौकटी गेल्या, आणि दहा-बारा वर्षांपासून कडूबाचं लाकूड तासायचं वाकस खुंटीला लागलं ते लागलंच. आता त्याचं काम पानठेल्यावर बसून जुनं सांगायचं. त्यातली एक गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. “भाऊरावच्या घराच्या पाच कैच्या माह्या हातच्या. भूकंप आला तं गाव हालीन, त्या नाही हालणार.” भाऊराव जिवंत होता तेव्हा तोही शेजारी बसून हे ऐकायचा आणि गालात हसायचा. भाऊराव त्याच्याच हाताखाली तयार झालेला. कडूबाला वाटायचं, चेल्याला गुरूचा अभिमान आहे.

संघपाल मोटारसायकल घेऊन दारात आला तेव्हा कडूबाची बायको विमलबाई अंगणात कुरड्या वाळत घालत होती. कडूबानं उपरणं मागितलं. तिनं मुकाट्यानं आणून दिलं.

“येतं का तूही?” त्यानं विचारलं. उत्तर ठाऊक असताना विचारायची त्याला खोडच होती.

“मी काय टिन हाये माळ्यावर चढवाले?” विमलबाई म्हणाली आणि पुन्हा कुरड्यांपाशी जाऊन बसली.

चार गल्ल्यांचं अंतर, पण चाळीस-एक वर्षांत ती त्या घरी गेली नव्हती. संघपालच्या लग्नाला नाही, भाऊराव गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पदर डोळ्याला लावून उभी होती, उंबरा मात्र ओलांडला नाही. का, ते गावाला ठाऊक होतं. निदान गावाला तसं वाटत होतं. कडूबाची आई कडक सोवळ्याची. सून बौद्धवाड्यात जाऊन पोळ्या लाटून आली, म्हणून म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं होतं. म्हातारी मेली, तिचं सोवळंही तिच्याबरोबर गेलं, तरी विमलबाईचा पाय तिकडे वळला नाही. आपली बायको आईच्या धाकानं कायमची मागे सरली, हे कडूबानं मनात धरून ठेवलं होतं, आणि भाऊरावसमोर त्याची त्याला आयुष्यभर लाज वाटली. बोलून मात्र कोणीच दाखवलं नाही.

शिडी संघपालनं धरली. कडूबाच्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला कुरकुर केली. तिसऱ्या पायरीवर तो थांबला, श्वास घेतला, आणि शिवम खाली उभा आहे म्हणून उरलेल्या एका दमात चढला. चौकोनी भोकातून डोकं वर निघालं आणि ओळखीचा वास नाकात शिरला. तापलेलं टिन, कांद्याची टरफलं, जुनं सागवान.

माळा तसाच होता. मोडका पाळणा, जयंतीच्या मिरवणुकीचा गुंडाळून ठेवलेला निळा झेंडा, पत्र्याची पेटी, बुडाला भोक पडलेलं घंगाळ. आणि एका ओळीत पाच कैच्या. खाली आडवी जाड तुळई, तिच्या दोन टोकांत रोवलेले दोन तिरपे वासे, वर आढ्याला जाऊन भिडलेले, मधोमध उभा खांब. वाश्याच्या पायाला कूस, म्हणजे जिभेसारखं टोक काढायचं, ती तुळईच्या खाचेत बसवायची आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. अख्ख्या छपराचा जीव त्या खुंट्यांमध्ये. खिळा गंजतो, खुंटी लाकडाबरोबर म्हातारी होते, असं कडूबाचा बाप म्हणायचा.

कडूबा ओणव्यानं पहिल्या कैचीपाशी गेला. हातोडीच्या मागच्या अंगानं तुळई ठोकली. टण्ण. वासा ठोकला. टण्ण. मग पटाशीचं टोक सांध्याशी टोचून पाहिलं. कण निघाला, पण भुसा नाही. लाकडावर सांध्याच्या खुणा होत्या. पहिल्या कैचीला एक खाच, दुसरीला दोन. जमिनीवर जुळवून घेतलेले तुकडे वर चढवताना सरमिसळ होऊ नयेत म्हणून पाडलेल्या. काही खाचा उजवीकडे कललेल्या होत्या, त्या कडूबाच्या. काही डावीकडे, त्या भाऊरावच्या. भाऊराव डावखुरा होता.

डावखुरा होता म्हणून तर जमलं सगळं. कडूबाचा भाऊ सुरतेला निघून गेला आणि आरा ओढायला दुसरं माणूस मिळेना. ओंडका आडवा टाकून मोठा आरा ओढायचा तर दोन्ही टोकांना माणूस लागतो, आणि दोघांची ओढ एकमेकांना सांभाळून घेणारी लागते. रोजगार हमीवर खडी फोडणारा भाऊराव एक दिवस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मिस्त्री, मी ओढून पाहू का?” त्यानं डावा हात पुढे घातला, कडूबानं उजवा, आणि आरा असा सरळ गेला की दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. पहिले दोन महिने एकाच बाभळीच्या सावलीत पण दोन बाजूंना बसून जेवले. तिसऱ्या महिन्यात ठेच्याची देवाणघेवाण सुरू झाली. पुढे पुढे कोणाची भाकरी कोण खातंय ते पाहायचंही राहिलं. ते दिवस फार चांगले होते. कडूबाचं पोट तेव्हा हातावर होतं, पण हात दोघांचे मिळून चार होते.

पाचव्या कैचीला त्याला तो ‘कट्ट’ सापडला. आढ्याखाली घट्ट बसवलेली एक पाचर तडकून अर्धी बाहेर आली होती, आणि टिनाखालची एक पट्टी चिरली होती. एवढंच. कडूबा एकटाच हसला. खाली ओरडून सांगणार होता, पण कामाची जुनी सवय, मधली कैची पाहायची राहिली होती. तपासायचं तर सगळं तपासायचं.

तिसरी कैची. दोन्ही टोकांकडून चढवत आणल्या म्हणून ही शेवटी चढली होती. उगवतीकडचा पाय पक्का. मावळतीकडचा पाय टिनाच्या उतारात, अगदी कोपऱ्यात. तिथं जायला कडूबाला पोटावर सरपटावं लागलं. छातीला फळ्या रुतल्या, तोंडावर जाळी आली. बॅटरी धरून त्यानं खुंटी पाहिली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

खुंटी जाड होती. बाकीच्या नऊ खुंट्या इंचभराच्या, सागाच्या, चौकोनी डोक्याच्या. ही दीड इंची, गोल, काळपट बाभळीची. अलीकडचं टोक ठोकून ठोकून फुललेलं. त्यानं पलीकडे हात घालून चाचपलं. तिकडे चार बोटं लाकूड बाहेर होतं, निमुळतं होत गेलेलं आणि शेवटी सुपारीएवढा गुळगुळीत गोळा. बोटांना गोळ्याखाली कोरलेलं काहीतरी लागलं. त्यानं मान मुरडून, गाल तुळईला चिकटवून बॅटरी आत घातली.

‘ज’.

कडूबाला अक्षरओळख कमीच. पण हा ‘ज’ त्याला ठाऊक होता. लग्नानंतर भाऊरावनं बाभळीच्या तुकड्याचं लाटणं घडवलं होतं, कडूबाच्याच ओट्यावर बसून, आणि पटाशीच्या कोपऱ्यानं ‘ज’ कोरला होता. “बायकोचं नाव लाटण्यावर टाकतं काय बे, पोळीवर उमटीन ते,” म्हणून कडूबानं त्याची चेष्टा केली होती.

लाटणं इथं कसं, हा पहिला विचार. दुसरा विचार यायला वेळ लागला नाही. दीड इंचाचं भोक. खुंटीचं गिरमिट इंचाचं. दीड इंचाचं गिरमिट त्याच्याकडे एकच होतं, जुवाला शिवळांची भोकं पाडायचं. बैलाच्या मानेच्या दोन बाजूंना दांडके घालतात ते शिवळ. त्यांना जाड भोक लागतं.

त्याला तो दिवस आठवला. कैच्या चढवायचा दिवस. आढ्याला नारळ बांधायचा मिस्त्रीचा रिवाज, भाऊराव म्हणाला, “नारळ नाही मिस्त्री. पुरणाच्या पोळ्या घालतो समद्याइले.” पोळ्या लाटायला विमलबाई आपण होऊन आली होती. चारच्या गाडीनं कडूबाला पिंपळगाव राजाला जायचं होतं, बहिणीच्या पोराचं बारसं. शेवटचं भोक उरलं आणि गाडीचा हॉर्न ऐकू आला. त्यानं पेटीत हात घातला, हाताला आलं ते गिरमिट फिरवलं, आणि “खुंट्या तू ठोक बे, मी चाललो,” म्हणून पळाला.

भाऊरावनं खुंटी घातली असेल, ती भोकात खुळखुळली असेल. शिवळ घातलं असतं तर बसलं असतं. पण शिवळं कडूबाच्या ओट्यावर, तिथं कडूबाची आई. तिला काय सांगायचं, की तुमच्या पोरानं गिरमिट चुकवलं? तो खाली उतरला असेल आणि चुलीपाशी हात घातला असेल.

आणि त्यानंतर अडतीस वर्षं तो पानठेल्यावर कडूबाच्या शेजारी बसून ‘माह्या हातच्या कैच्या’ ऐकत राहिला. गालात हसत.

कडूबा शिडीवरून उतरला. संघपालनं दंड धरला. भाऊरावची सून मंजुश्री चहा घेऊन आली.

“काय म्हणते लाकूड, काका?” संघपालनं विचारलं.

“उद्या सांगतो.”

“म्हंजे बिघडलंच हाये काही,” शिवम म्हणाला.

“उद्या सांगतो म्हणलं ना.”

जनकाबाई त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “विमलबाई बऱ्या हायेत ना? दिसतात फिल्टरच्या पाण्याच्या मशीनीवर. बोलत नाहीत. आमच्या घरचं पाणी त्याइले एकाच दिवसाचं मानवलं.” हे ती रागानं बोलली नाही. जुनं दुखणं माणूस ज्या सवयीनं सांगतो तसं बोलली. कडूबानं बशीतला चहा तसाच ठेवला.

घरी विमलबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकरी तिला चुलीचीच लागे. कडूबा समोर पाटावर बसला.

“तुले एक इचारू?”

“इचारा.”

“भाऊरावच्या घरी तू काऊन जात नाही?”

तिचे हात थांबले. “आज आठवण झाली?”

“मले वाटे, मायच्या धाकानं.”

“सासूबाईच्या शिव्या मी ऐकून घेतल्या असत्या आन पुन्हा गेली असती. शिव्यानं काय होते? अंगाले थोडंच चिकटतात.” तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “लाटणं चोरलं म्हणे मी.”

ती सांगत गेली. कैच्या चढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हापशीवर. पंधरा बाया रांगेत. जनकाबाई कोणाला तरी सांगत होती की काल चुलीपाशी बाहेरची बाई एकच होती आणि लाटणं नेमकं कालच गेलं.

“माह्यं नाव नाही घेतलं तिनं,” विमलबाई म्हणाली. “नाव घेतलं असतं तं भांडता तरी आलं असतं. समद्याइनं माह्याकडे पाह्यलं. भरली घागर तशीच रिकामी केली मी आन घरी आली.”

“मले काऊन नाही सांगतलं?”

“तुमाले सांगतलं असतं तं तुमी भाऊरावशी भांडले असते. आऱ्याले दोन माणसं लागतात. पोरं लहान होती.”

तव्यावरची भाकरी फुगली, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

“लाटणं सापडलं,” कडूबा म्हणाला.

“कुठी?”

त्यानं सांगितलं. गिरमिट, चारची गाडी, दीड इंचाचं भोक, सगळं. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता, राखेकडे पाहत होता. सांगून संपल्यावर भाकरी जळाल्याचा वास आला. तिनं ती उतरवली, काळी बाजू वर करून त्याच्या ताटात ठेवली.

“म्हंजे चाळीस वर्षं मी चोर,” ती म्हणाली, “आन तुमी मिस्त्री.”

कडूबानं ती भाकरी खाल्ली. जळकी बाजूही खाल्ली.

झाकली मूठ सव्वा लाखाची असं म्हणतात, आणि ती झाकून ठेवायला त्याला कोणाची आडकाठी नव्हती. माळ्यावर त्या कोपऱ्यात सरपटत जाणारं दुसरं कोणी नव्हतं. छप्पर पक्कं आहे, एक पाचर बदला, एवढं सांगितलं की काम झालं. नाव राहील, पानठेला राहील. शिवमसारखी कालची पोरं उद्या म्हणतील, म्हातारा खरा. आणि खरं सांगितलं तर तीच पोरं हसतील. सकाळी तोंड धुताना, चहा पिताना, धोतर नेसताना त्याच्या डोक्यात हेच होतं. मग तो मागच्या खोलीत गेला. अवजारांची पेटी उघडली. तळाशी, गंजानं तांबडं झालेलं ते गिरमिट होतं. तो ते धोतराच्या सोग्यानं पुसत होता तेव्हा दारात विमलबाई उभी होती. तिनं पाहिलं आणि बाजूला झाली.

जनकाबाईच्या ओसरीवर सगळे होते. शिवम माप लिहायची वही घेऊन आला होता. कडूबा खाटेवर बसला नाही, उभाच राहिला.

“छप्पर पक्कं हाये,” तो म्हणाला. “पाचव्या कैचीची पाचर तडकली, तिचा तो आवाज. एक पट्टी चिरली, ती बदलू. बाकी लाकूड अजून दोन पिढ्या जाईन. उतरवाचं काम नाही.”

संघपालनं सुटकेचा श्वास टाकला. जनकाबाईनं डोळ्याला पदर लावला.

“आता दुसरं ऐका.” कडूबानं उपरण्यातून गिरमिट काढून फरशीवर ठेवलं. “तिसऱ्या कैचीचं भोक म्या ह्यानं पाडलं होतं. हे जुवाचं गिरमिट. चुकलं माह्यं. गाडी गाठाची होती. खुंटी बसत नव्हती त्या भोकात. ती कैची त्या दिवशी कोणी तशीच सोडली असती, तं वावधानातल्या फांदीखाली हे घर बसलं असतं. भाऊरावनं ते निस्तरलं आन मले कधी बोलला नाही. त्यानं काय ठोकलं भोकात, ते पाहा जाऊन.”

संघपाल चढला. वर सरपटण्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. “माय, लाटणं हाये. त्यावर तुह्या नावाचा ‘ज’ हाये.”

जनकाबाई खांबाला टेकून खाली बसली. मंजुश्री पाणी आणायला उठली, तिला तिनं हातानंच थांबवलं.

“दुसऱ्या बाजाराले त्याइनं नवं लाटणं आणून देल्लं होतं,” ती म्हणाली. “म्या म्हणलं, एवढी काय घाई? ते हासले.” मग म्हणाली, “मिस्त्री, हापशीवर म्या काय बोलले ते तुमाले ठाऊक हाये का?”

“काल समजलं.”

“संघपालच्या बापाले नव्हतं ठाऊक. बायांचं बोलणं घरात नाही आणलं म्या. आणलं असतं तं त्याच दिवशी मिटलं असतं. विमलबाई आल्या नाहीत तं मले वाटलं, आमच्या घरचं चालत नाही म्हणून येत नाहीत. तेच ऐकाची सवय होती हो आमाले, मिस्त्री. म्हणून तेच कारण आंधी सुचलं. मी काय बोलले होते ते आठवलंच नाही.”

शिवमनं वही मिटली आणि गिरमिट उचलून उलटंसुलटं करून पाहिलं.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “आमी चूक केली तं वरून रंग मारतो.” तो हसला नाही.

हसणारे दुसरे होते. संध्याकाळपर्यंत गोष्ट पानठेल्यावर पोचली. “मिस्त्री, दार बसवाचं हाये, लाटणं आणू का पोळपाट?” असं कोणीतरी विचारलं आणि सगळे खिदळले. कडूबा उठला नाही. त्यानं सुपारी कातरली, तोंडात टाकली, आणि पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, “भाऊराव असता तं दोन्ही आण म्हणला असता.” मग त्यानं पाच कैच्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, यावेळी खरी. ऐकणारे कमी हसले.

हापशी केव्हाच आटली होती. आता गाव फिल्टरच्या पाण्याच्या मशीनीवर जमतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा सायकलला कॅन लावून विमलबाईबरोबर रांगेत उभा होता. जनकाबाई आली. तिच्या हातात कॅन नव्हती. त्या पंधरा बायांपैकी तिघी उरल्या होत्या, बाकी त्यांच्या सुना आणि नातसुना. जनकाबाई मशीनीच्या ओट्यापाशी उभी राहिली.

“घर बांधलं तवा म्या हापशीवर म्हणलं होतं का विमलबाईनं माह्यं लाटणं नेलं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “नाव नव्हतं घेतलं, पण म्हणलं होतं. लाटणं माह्याच घरात होतं. मी खोटं बोलले. आज नाव घेऊन सांगते, विमलबाईनं नेलं नाही.”

सुनांना काही कळेना. एक फिसकन हसली, शेजारणीनं तिला कोपर मारलं. विमलबाई नळापाशी पाठमोरी उभी होती. तिची कॅन भरून वाहू लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. कडूबानं पुढे होऊन बंद केला.

“लय दिवस लावले, बाई,” विमलबाई म्हणाली. झाकण लावलं आणि चालू लागली.

काम तीन दिवस चाललं. कडूबानं पाचर घडवली, त्याला अर्धा दिवस लागला. एकेकाळी पाव तास लागला असता. मधूनमधून तो वाकस खाली ठेवून थांबायचा. पट्टी संघपालनं ठोकली. शिवमनं तिसऱ्या कैचीच्या पायाला दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळल्या, कडूबा सांगेल तशा. बोल्ट बसल्यावर म्हणाला, “आता लाटण्याचं काम संपलं, काढून देऊ का?”

कडूबानं शिडीच्या भोकातून खाली पाहिलं. जनकाबाईनं ऐकलं होतं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “त्याइनं घातलं तिथं राहू द्या.”

तिसऱ्या दिवशी घरात पुन्हा अंथरुणं गेली आणि जनकाबाईनं पुरण शिजत घातलं. विमलबाईला बोलवायला ती स्वतः गेली होती. विमलबाई हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. कुरड्यांचं निमित्त सांगितलं होतं. कडूबा ओसरीवर हात धुवून बसला होता आणि गल्लीकडे पाहायचं नाही असं ठरवून तिकडेच पाहत होता.

अकराच्या सुमाराला ती आली. नेसूचं लुगडं धुतलेलं, डोक्यावर पदर. उंबऱ्यापाशी थांबली. मग उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी गेली आणि कमरेला खोचलेलं लाटणं काढून पोळपाटावर ठेवलं.

“माह्यं संगं आणलं,” ती म्हणाली. “तुमचं जाताना मोजून घेजा.”

मंजुश्रीच्या हातातली पळी थांबली. जनकाबाई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. विमलबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. पुरणाचा गोळा उचलला, पारी केली, भरला, आणि लाटायला बसली. “पुरण पातळ केलं,” म्हणाली. “तवाही पातळच होतं.”

“हाव,” जनकाबाई म्हणाली. “तवाही तुमीच म्हणल्या होत्या.”

पहिली पोळी तव्यावर पडली. कडूबानं वर पाहिलं. फळ्यांपलीकडे तिसरी कैची दिसत नव्हती, पण ती कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. भाऊराव हवा होता, असं त्याला फार वाटलं. त्यानं पहिली पोळी खाल्ली, मग दुसरी, आणि तिसरीला नाही म्हणता आलं नाही.

ऊन कललं तेव्हा दोघं घरी निघाले. गल्लीच्या तोंडाशी, जिथं ती तीन वर्षांपूर्वी उभी होती, तिथं आल्यावर कडूबाचं तिच्या कमरेकडे लक्ष गेलं.

“तुह्यं लाटणं राह्यलं वं तिथं.”

विमलबाई थांबली नाही.

“राह्यलं नाही,” ती म्हणाली. “ठेवलं.”